खाऱ्या पाण्याची टाकी : कमाई काचेत नाही, देखभालीत आहे

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या परिसरात, आणि कुर्ल्यात रंगीत माशांचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे. गोल्डफिश, गप्पी, एंजल या गोड्या पाण्यातल्या माशांवर अनेकांनी संसार उभे केले. आता या दुकानांत एक वेगळे गिऱ्हाईक येते. त्याला घरात समुद्र हवा असतो. निळा प्रकाश, खडक, त्यावर डुलणारी प्रवाळे आणि त्यांतून फिरणारा केशरी क्लाऊन मासा. पैसे खर्च करण्याची त्याची तयारी असते. मात्र महिनाभरात सगळे मेले तर तो पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही आणि चार जणांना सांगून त्यांनाही थांबवतो. म्हणून या धंद्यात उतरू पाहणाऱ्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी काम नीट समजून घ्यावे.

चार कारागिरांचे काम

अशी टाकी म्हणजे एकट्या मासेवाल्याचा माल नव्हे. काचवाला, सुतार, प्लंबर आणि वायरमन या चौघांचा हात तिला लागतो.

चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकी धरू. तिच्यात सुमारे 450 लिटर पाणी मावते. काच, खडक, वाळू व स्टँड धरून वजन 600 किलोच्या वर जाते. जुन्या चाळीच्या लाकडी जमिनीवर हे ओझे ठेवू नये. पक्क्या इमारतीतही खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईजवळ, भिंतीला लागून ठेवावे. या मापाला 12 मिलिमीटर जाडीची काच आणि वरून काचेच्या आडव्या पट्ट्या लागतात. बुरशीरोधक औषध मिसळलेले बाथरूमचे सिलिकॉन वापरू नये, ते माशांना विषारी असते. जोड किमान आठवडाभर सुकू द्यावेत आणि मग टाकी गच्चीवर किंवा अंगणात भरून तपासावी.

सुताराने लक्षात ठेवावे की खारे पाणी उघड्या लोखंडाला खाते. खिळे, बिजागऱ्या उघड्या राहू नयेत. प्लंबरने पितळी वा तांब्याचा नळ कोठेही लावू नये. तांबे पाण्यात थोडे जरी उतरले तरी प्रवाळे आणि कोळंबी मरतात. सगळे काम पीव्हीसीत करावे. मुख्य टाकीच्या खाली गाळणीची दुसरी टाकी असते. वीज गेली की वरचे काही पाणी तिच्यात उतरते. तेवढी जागा तिच्यात मोकळी नसेल, तर गिऱ्हाइकाची फरशी भिजते आणि बोलणी आपल्याला खावी लागतात. वायरमनने प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटात शिरत नाही. गळती होताच वीज तोडणारा स्विच या कामात सक्तीचा समजावा.

पाणी, मीठ आणि उन्हाळा

मुंबईच्या किनाऱ्याचे पाणी बादलीने आणून टाकी भरावी, असे काहींना वाटते. ते पाणी सांडपाण्याने दूषित असते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. त्यापेक्षा आरओचे पाणी घेऊन त्यात समुद्री मत्स्यालयासाठी मिळणारे मीठ मिसळावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण प्रवाळाला कॅल्शियम, मॅग्नेशियम असे इतर क्षारही लागतात. एका लिटरला सुमारे 35 ते 38 ग्रॅम मीठ पडते. खडकांनी व्यापलेली जागा वजा करून आणि खालची टाकी धरून 400 लिटर पाणी राहिले, तर पहिल्या भरतीला साधारण 15 किलो मीठ लागेल. मोजमापावर घनता 1.025 च्या आसपास दिसली पाहिजे.

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून रोज जेवढे पाणी उडेल तेवढे बिनमिठाचे आरओ पाणी घालावे. ही साधी गोष्ट गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी लिहून द्यावी. रोज खारे पाणी घालत गेल्याने खारेपणा वाढतो आणि टाकी बुडते.

प्रवाळाला 25 ते 27 अंश तापमान मानवते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवतात. पाणी फार तापले की प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. आपल्याकडचा मे महिना पाहता पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, ही चैन नाही, गरज आहे. विजेचा खर्च आधीच सांगावा. दिवे, पंप व चिलर मिळून सरासरी 250 वॅट धरले, तर दिवसाला 6 आणि महिन्याला 180 युनिटे होतात. हा आकडा लपवून सौदा करणारा दुकानदार पहिल्या बिलालाच उघडा पडतो.

सहा आठवड्यांचा सबर

टाकी भरल्याबरोबर मासे विकण्याचा मोह धंद्याला घातक आहे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो जहाल असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर व वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय पहिला मासा सोडू नये. पुढेही एका वेळी एक-दोनच मासे सोडावेत. वरच्या मापाच्या टाकीला सहा ते आठ लहान मासे पुरेत.

खडकाची ही ताकद ओळखणाऱ्यांत जकार्ताच्या ली चिन एंग यांचे नाव घ्यावे लागते. समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर आपण प्रवाळे कशी जगवतो, हे त्यांनी 1961 मध्ये एका अमेरिकन मासिकात लिहिले. आज यंत्रे वाढली, पण मूळ तत्त्व तेच आहे.

मासा घेताना तो दुकानातच खाद्य खातो का ते पाहावे. काही देशांत मासे सायनाइडने गुंगवून पकडले जातात. असा मासा दिसायला छान असतो आणि काही दिवसांत मरतो. नवा मासा निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचे तांबेयुक्त औषध तेथेच द्यावे. प्रवाळाच्या टाकीत ते कधीही टाकू नये.

कायद्याची बाजू

येथे सर्वाधिक सावध राहावे. सर्व खडक बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि सर्व समुद्रघोडे 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. मालवण, कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप वा अंदमान येथून ती काढणे आणि विकणे गुन्हा आहे. मेलेल्या प्रवाळाचा दगड किंवा भिंतीवर टांगायला 'इंद्रजाल' म्हणून विकली जाणारी काळी जाळीही त्यातून सुटत नाही. शिक्षा किमान 3 व कमाल 7 वर्षे कैद आणि शिवाय दंड. 'सगळेच विकतात' हे उत्तर न्यायालयात चालत नाही.

परदेशी दगडी प्रवाळांचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्यावर चालतो. 2022 च्या दुरुस्तीने अशा परदेशी जीवांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली आणि 2024 च्या नियमांनी ते बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंदणी लागू झाली. म्हणून आयातीचे कागद आणि पक्के बिल नसेल तर माल घेऊच नये. शंका असल्यास वनखात्याला आधी विचारावे.

मग टाकीत ठेवायचे काय? येथेच आपल्या कारागिराला संधी आहे. पांढरे सिमेंट व शिंपल्यांचा चुरा यांपासून सच्छिद्र खडक घडवता येतो. सिमेंटचा चुना उतरेपर्यंत तो काही आठवडे, पाणी बदलत, भिजत ठेवावा लागतो. ज्याचा हात गवंडीकामात बसला आहे, त्याला हे जड नाही. माशांतही समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा पैदास केलेला क्लाऊन बरा. तो टाकीला सरावलेला असतो आणि तयार खाद्य खातो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे. किनाऱ्यावरच्या कोकणी कुटुंबांनी या जोडधंद्याची चौकशी जरूर करावी.

बांधलेले उत्पन्न

टाकी एकदाच विकली जाते, देखभाल महिनोन्‌महिने चालते. दर पंधरवड्याला 10 टक्के, म्हणजे 40 लिटर पाणी बदलायचे, त्याला सुमारे दीड किलो मीठ लागते. काच घासणे, फेस काढणाऱ्या यंत्राचा पेला धुणे, खारेपणा, नायट्रेट व कॅल्शियम तपासून वहीत नोंदवणे, हे एका जाणत्या मुलाचे दोन तासांचे काम आहे. पंधरवड्यात आठवड्याचे सहा दिवस काम धरले, तर रोज दोन घरे करणारा मुलगा 24 टाक्या सहज सांभाळू शकतो. दवाखाने, हॉटेले आणि कचेऱ्या असा करार आनंदाने करतात, कारण तेथे ते काम करायला कोणाला वेळ नसतो.

करार लेखी असावा. मीठ व खाद्य कोणाचे, वीज गेल्यास बॅटरीवरचा हवेचा पंप कोण लावणार, मासा मेल्यास जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवावे. आणि ज्याला सहा आठवडे थांबण्याची तयारी नाही, त्याला गोड्या पाण्याची टाकी द्यावी. एक विक्री लहान होईल, पण गिऱ्हाईक आपले राहील.