पुरुष, स्त्रिया आणि हार्वी

देवाने मनुष्यजात घडवली तेव्हा तिचे तीन प्रकार केले: पुरुष, स्त्रिया आणि हार्वी! अठराव्या शतकातल्या लंडनच्या दिवाणखान्यांतून ही थट्टा फार लोकप्रिय होती. कुणी तिचे श्रेय लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या हजरजबाबी बाईंना देतात, कुणी आणखी कुणाला. ते कुणाचेही असो, सफक परगण्यातल्या हार्वी घराण्याची वंशावळ चाळू लागले की थट्टा करणाऱ्याने फारशी अतिशयोक्ती केली असे वाटत नाही. मी मराठीचा अध्यापक. इंग्रज उमरावांची कुळकथा वाचणे ही काही माझ्या पेशाची गरज नव्हे. उन्हाळ्याच्या सुट्टीतली ती माझी चैन आहे. पण बखरी वाचून वाचून ज्याला घराण्यांच्या हकिकतींची चटक लागली, त्याला अशी वंशावळ हाती आली की ती मध्येच मिटून ठेववत नाही.

या घराण्यातले सर्वांत अजब पुरुष म्हणजे फ्रेडरिक ऑगस्टस हार्वी. डेरीचे बिशप आणि ब्रिस्टलचे चौथे अर्ल. धर्मगुरू आणि उमराव या दोन्ही पदव्या एकाच माणसाच्या अंगावर चढल्यामुळे लोक त्यांना 'अर्ल-बिशप' म्हणत. धर्मगुरूंना संसार कसला, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. रोमन कॅथलिक पाद्री अविवाहित राहतात. इंग्लंडच्या चर्चमधल्या पाद्र्यांना मात्र बायकामुले असतात, आणि बिशपसाहेबांना तर ती चांगली भरपूर होती. ती त्यांना पुरेशी का वाटली नाहीत, हाच या हकिकतीतला खरा प्रश्न आहे.

आधी थोडी भाऊबंदकी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे बाप गेला की वाटण्या होतात. एकाच विहिरीचे चार हिस्से पडतात. इंग्रज उमरावांत तसे नाही. पदवी, वाडा, जमीन सारे थोरल्याला. धाकट्यांनी फौजेत जावे, आरमारात जावे, नाहीतर चर्चमध्ये. फ्रेडरिकचे आजोबा जॉन हार्वी यांना १७१४ मध्ये अर्लची पदवी मिळाली आणि दोन बायकांपासून वीस मुले झाली. त्यांचा मुलगा लॉर्ड हार्वी हा दुसऱ्या जॉर्ज राजाच्या दरबारातला बडा असामी. दरबाराच्या आठवणी त्याने इतक्या बोचऱ्या लेखणीने लिहून ठेवल्या की घराण्याला त्या पुढे शंभर वर्षे छापता आल्या नाहीत. कवी पोपशी त्याचे हाडवैर होते. त्याची बायको मॉली लेपेल ही दरबारातली नावाजलेली सुंदरी. या जोडप्याचा तिसरा मुलगा म्हणजे आपले फ्रेडरिक. जन्म १७३०.

तिसऱ्या मुलाच्या वाट्याला चर्चच यायचे. त्यांनी प्रथम वकिलीकडे पाऊल टाकले होते, पण ते परत घेतले आणि दीक्षा घेतली. दीक्षेच्या आधीच, १७५२ मध्ये, बाविसाव्या वर्षी त्यांनी शेजारच्या रशब्रुक गावच्या सर जर्मिन डेव्हर्स यांच्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न केले. दोन्ही घरांना हे लग्न पसंत नव्हते. हातात पैसा बेताचा, घर लहान, आणि पाळणा हलू लागलेला. चांगली पंधरा वर्षे या बाईंनी ओढगस्तीत संसार केला. ही पंधरा वर्षे वाचकांनी ध्यानात ठेवावीत, कारण बिशपसाहेब पुढे ती विसरले.

१७६६ मध्ये थोरले भाऊ जॉर्ज आयर्लंडचे व्हाइसरॉय नेमले गेले. त्यांनी आयर्लंडच्या भूमीवर पाऊलही ठेवले नाही, परंतु धाकट्या भावाची सोय तेवढी केली! १७६७ मध्ये फ्रेडरिक क्लॉइनचे बिशप झाले आणि पुढच्याच वर्षी डेरीचे. ही बातमी आली तेव्हा स्वारी बागेत आपल्या पाद्र्यांबरोबर एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारण्याचा खेळ खेळत होती म्हणे. आणि 'गृहस्थहो, माझी उडी सर्वांत लांब, क्लॉइनहून थेट डेरीला' अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्यांनी खेळ थांबवला. डेरी म्हणजे सोन्याची खाण. चर्चच्या जमिनींचा वसूल त्यांनी आणखी पुष्कळ वाढवला.

पैसा आला, आणि नंतर पदवीही आली. ती कशी आली ही गोष्ट तर एखाद्या नाटककाराने रचावी अशी आहे. थोरले जॉर्ज अविवाहित वारले, १७७५ मध्ये. मधले ऑगस्टस आरमारात. त्यांनी तरुणपणी, १७४४ मध्ये, एलिझाबेथ चडली नावाच्या राजपरिवारातल्या मुलीशी रात्रीच्या वेळी गुपचूप लग्न केले होते. दोघांचे पटले नाही. दोघांनीही ते लग्न पुरून टाकायचे ठरवले, आणि बाईंनी १७६९ मध्ये किंगस्टनच्या ड्यूकशी दुसरे लग्न लावले. ड्यूक वारल्यावर वारसदारांनी जुने प्रकरण उकरून काढले. १७७६ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सगळ्या उमरावांसमोर बाईंवर द्विभार्याविरुद्ध, नव्हे द्विपतीविरुद्ध, खटला चालला. अवघे लंडन तमाशाला लोटले. बाई दोषी ठरल्या. म्हणजेच त्या कायद्याने ऑगस्टसचीच बायको ठरल्या. आता ऑगस्टसना दुसरे लग्न करून औरस वारस मिळवण्याची वाटच बंद झाली. आपल्याकडच्या एखाद्या संस्थानात दत्तकविधान उरकून मोकळे झाले असते, पण इंग्रज उमरावकीला दत्तक चालत नाही. १७७९ च्या डिसेंबरात ऑगस्टस वारले आणि तिसरा मुलगा अर्ल झाला.

बिशप म्हणून या माणसाला नावे ठेवणे सोपे नाही. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिक. तिच्यावर जाचक कायदे, आणि परक्या चर्चला दशमांश द्यायचा तोही तिनेच. अशा देशात या इंग्रज बिशपने कॅथलिकांवरचे निर्बंध सैल करण्याची बाजू घेतली, दशमांशाच्या पद्धतीवर टीका केली, रस्ते केले, डेरीच्या नदीवरच्या पहिल्या पुलाला मदत दिली. समुद्रकाठच्या कड्यावर डाउनहिल येथे त्यांनी एक प्रचंड वाडा बांधला. तिथेच अगदी कड्याच्या टोकाशी, १७८५ मध्ये, एक गोल देवळासारखी इमारत उभी केली आणि आपल्या ग्रंथसंग्रहाला दिली. जवळपास कॅथलिकांना चर्च नव्हते, म्हणून तिच्या तळघरात आठवड्यातून एकदा कॅथलिक पाद्र्याने येऊन उपासना करावी अशी परवानगीही दिली. त्या काळी हे धाडसच होते. जेवून तट्ट झालेल्या पाद्र्यांच्या त्यांनी शर्यती लावल्या, अशाही गोष्टी त्या प्रांतात सांगतात. त्या मी खऱ्या मानत नाही, पण ज्याच्याबद्दल अशा गोष्टी रचाव्याशा वाटतात तो माणूस रुक्ष नसणार, एवढे खरे.

ही गोल इमारत मसेंडेन देऊळ म्हणून ओळखली जाते. फ्रीड्सवाइड मसेंडेन ही बिशपसाहेबांची नात्यातली तरुण विवाहित स्त्री. तिच्याशी त्यांचा एवढा स्नेह की वर्तमानपत्रांतून कुजबूज झाली. ती १७८५ मध्ये अवघी बावीस वर्षांची असताना वारली. इमारत तिच्या नावाने राहिली. बायकोच्या नावाने त्यांनी असे काही बांधल्याचे माझ्या वाचनात नाही.

बायकोचे काय झाले ते सांगतो. १७८२ मध्ये नवराबायको इकवर्थ येथे, म्हणजे आपल्या मूळ गावी होते. एक दिवस दोघे गाडीतून फेरफटका मारायला गेले. परत आले ते न बोलता. त्यानंतर बिशपसाहेब निघून गेले आणि दोघांची पुन्हा भेट झाली नाही, असे सांगतात. तीस वर्षांच्या संसाराचा शेवट एका फेरफटक्यात! गाडीत काय बोलणे झाले ते दोघांनीही कुणाला सांगितले नाही. बाई इकवर्थच्या जुन्या घरात मुलांना घेऊन राहिल्या. त्यांची पत्रे शहाणपणाची आणि संयमाची आहेत. नवऱ्याविरुद्ध गहजब करणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही. अठरा वर्षे त्या तशाच राहिल्या आणि १८०० मध्ये वारल्या.

या मोडलेल्या घराची सर्वांत मोठी किंमत मधल्या मुलीने, एलिझाबेथने दिली. घरात तिला बेस म्हणत. १७७६ मध्ये तिचे लग्न जॉन फॉस्टर या आयरिश गृहस्थाशी झाले. पाच वर्षांत ते मोडले. कायद्याने मुले बापाची. दोन्ही लहान मुलगे फॉस्टरने ठेवून घेतले आणि चौदा वर्षे आईला भेटू दिले नाहीत. बेस चोविशीच्या आसपास, निष्कांचन. बाप हजारो पौंड दगडविटांवर आणि चित्रांवर उधळत होता, पण मुलीला ठरलेला तनखाही वेळेवर मिळत नव्हता. १७८२ मध्ये बाथ गावी तिची गाठ डेव्हनशरच्या ड्यूकशी आणि त्यांच्या सुप्रसिद्ध पत्नी जॉर्जियानाशी पडली. ड्यूकच्या एका अनौरस मुलीला सांभाळण्याचे काम घेऊन ती त्यांच्या घरात शिरली आणि तिथलीच झाली. जॉर्जियानाची जिवलग मैत्रीण, आणि ड्यूकच्या दोन मुलांची आई! ती मुलेही परदेशात लपूनछपून जन्माला घालावी लागली. लोकांनी तिला कपटी म्हटले, अजूनही म्हणतात. मला मात्र तिच्याकडे पाहताना बापाचा तो दगडविटांचा खर्च आठवतो. जॉर्जियाना १८०६ मध्ये वारली. तीन वर्षांनी ड्यूकने बेसशी लग्न केले. म्हातारपणी ती रोमला राहिली, तिथल्या जुन्या फोरममध्ये उत्खनन करवले, आणि १८२४ मध्ये तिथेच वारली.

इतर मुलांचे थोडक्यात. एक मुलगा लहानपणी गेला. दुसरा जॉन, आरमारी अधिकारी व राजदूत, १७९६ मध्ये बापाच्या आधीच वारला. थोरली मेरी लॉर्ड अर्नला दिली होती. तिचेही जमले नाही. धाकटी लुइझा आईजवळ वाढली आणि तिचे मात्र चांगले झाले: १७९५ मध्ये तिने रॉबर्ट जेंकिन्सनशी लग्न केले. हेच पुढे लॉर्ड लिव्हरपूल म्हणून १८१२ पासून पंधरा वर्षे इंग्लंडचे पंतप्रधान होते.

बिशपसाहेब स्वतः तोवर युरोपभर हिंडत होते. शेवटची दहा-अकरा वर्षे त्यांनी डेरीचे तोंड पाहिले नाही. वसूल मात्र नेमाने त्यांच्यामागे चालत राहिला. व्हेसुव्हियसच्या ज्वालामुखीजवळ जाऊन त्यांनी एकदा दगडाचा तडाखा खाल्ला होता, तरी हौस फिटली नाही. खाण्यापिण्याचे आणि ऐषआरामाचे एवढे षोकी की युरोपातल्या कित्येक 'हॉटेल ब्रिस्टल'ना त्यांच्यावरून नाव पडले असे म्हणतात. चित्रे, मूर्ती, संगमरवर यांची खरेदी चालूच. त्यांच्यासाठी १७९५ मध्ये इकवर्थला नवा वाडा सुरू केला: मध्ये शंभर फुटांहून उंच गोल घुमटाची इमारत, दोन्ही बाजूंना वळत गेलेले पंख, एकूण लांबी सुमारे सहाशे फूट. हे सारे जुन्या घरात राहणाऱ्या बायकोच्या डोळ्यांदेखत वर चढत होते. तिने याला मूर्खपणाचे स्मारक ठरवले यात नवल ते काय?

आणि धाकट्या मुलाच्या, फ्रेडरिक विल्यमच्या लग्नात त्यांनी लक्ष घातले ते याच सुमारास. प्रशियाच्या राजाची एक अनौरस मुलगी त्यांनी त्याच्यासाठी हेरली होती. मोठा हुंडा, मोठे संबंध. आर्जवे झाली, आमिषे झाली. मुलगा ऐकेना. त्याला एलिझाबेथ अप्टन नावाची मुलगी आवडली होती आणि १७९८ मध्ये त्याने तिच्याशीच लग्न केले. छेचाळीस वर्षांपूर्वी बापानेही घरच्यांना न जुमानताच लग्न केले होते. पण बापांना अशा गोष्टी आठवत नाहीत.

त्याच वर्षी फ्रेंचांनी रोममधला त्यांचा संग्रह जप्त केला, आणि खुद्द त्यांना पकडून मिलानच्या किल्ल्यात नऊ महिने कोंडले. सुटल्यावरही ते इटलीतच राहिले. ८ जुलै १८०३ रोजी अल्बानोहून रोमला येताना वाटेत त्यांना कळ आली. जवळच्या शेतकऱ्याने पाखंडी बिशपाला घरात घ्यायला नकार दिला, म्हणून बाहेरच्या पडवीत नेऊन ठेवले. तिथेच ते वारले. ज्यांनी आपल्या तळघरात कॅथलिकांना जागा दिली, त्यांना कॅथलिकाच्या घरात मरायला जागा मिळाली नाही. जहाजावर प्रेत असले की खलाशी बिचकतात, तेव्हा त्यांचा देह पेटीत घालून, आत प्राचीन पुतळा आहे असे सांगून इंग्लंडला पाठवला.

डेरीच्या लोकांनी १८१७ मध्ये इकवर्थला त्यांच्या स्मरणार्थ एक उंच स्तंभ उभारला. वर्गणी देणाऱ्यांत तिथले कॅथलिक बिशप होते आणि प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकही होते. परक्यांनी कृतज्ञता दाखवावी एवढे या माणसाने खरेच केले होते.

वाडा अर्धवटच राहिला होता. बापाचे न ऐकणाऱ्या मुलाने तो पुरा केला आणि १८२९ मध्ये बायकामुलांसह तिथे राहायला गेला. पण त्याने बिऱ्हाड थाटले ते पूर्वेकडच्या पंखात. मधली गोल इमारत पाहुण्यांना दाखवण्यासाठी आणि मेजवान्यांसाठी ठेवली. १९५६ मध्ये वाडा नॅशनल ट्रस्टकडे गेला. कुटुंबाकडे पूर्वेचा पंख भाड्याने राहिला होता; घराण्याची दौलत व्यसनांत फुंकून टाकणाऱ्या सातव्या मार्क्विसने १९९८ मध्ये तोही हक्क विकला, आणि २००२ पासून तिथे हॉटेल आहे. गोल इमारतीत तिकीट काढून जाता येते. विजे ल ब्रँ या फ्रेंच बाईने रंगवलेले बिशपसाहेबांचे चित्र तिथे आहे, मागे व्हेसुव्हियस धुमसतो आहे. अँजेलिका कॉफमनने काढलेले बेसचे चित्रही त्याच घरात आहे.