प्रभावळीचा भ्रम
अंगकाठी आणि बुद्धी यांचा परस्परांशी निकट संबंध नसतो, हे कोणीही सुज्ञ कबूल करील. तथापि पहिल्या महायुद्धातील अमेरिकन लष्करी अंमलदारांनी आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांची शरीरयष्टी, बुद्धिमत्ता, नेतृत्व व चारित्र्य यांविषयी दिलेले शेरे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने जेव्हा ताडून पाहिले, तेव्हा त्यांत संशय यावा इतका मेळ त्यास आढळला. एका गुणाची प्रभावळ उरलेल्या सर्व गुणांवर पसरते, असा निष्कर्ष त्याने १९२० साली मांडला. लबाडीचा येथे प्रश्नच नव्हता, आणि तेच अधिक चिंताजनक! त्याची शिफारस अशी, की पाहणाऱ्याने शेरा न देता केवळ पुरावा दाखल करावा, आणि निवाडा करणाऱ्याने अन्य गुणांचा पुरावा दृष्टीआड ठेवून एकेका गुणाचा स्वतंत्र विचार करावा.