ओळखपत्रावर चुकीची पट्टी का येते? संगणकातल्या ‘जर-तर’चा खेळ

जूनमध्ये शाळा उघडली की तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे ओळखपत्रांची गर्दी होते. ३००-४०० पोरांची कार्डं दोन दिवसांत कशी होतात, याचं पालकांना नवल वाटतं. एकेक कार्ड हाताने कोणी बनवत नाही. डिझाईन एकच असतं, शाळेने दिलेली एक्सेलची यादी त्यात ओतली जाते.

फोटोशॉपमधलं डिझाईन म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. त्यांना लेयर म्हणतात. एका काचेवर शाळेचं नाव, दुसरीवर फोटो, तिसरीवर मुलाचं नाव, पुढे ‘बस’ लिहिलेली हिरवी पट्टी आणि ‘पायी’ लिहिलेली पिवळी. ‘इमेज’ मेनूतल्या ‘व्हेरिएबल्स’मध्ये कोणती काच यादीतल्या कोणत्या रकान्याला जोडायची ते सांगता येतं. मजकूर बदलतो, फोटो बदलतो, आणि काच दाखवायची की लपवायची तेही ठरतं. रकान्यात ‘ट्रू’ असेल तर काच दिसते, ‘फॉल्स’ असेल तर लपते.

पण गुरुजी यादीत ट्रू-फॉल्स थोडंच लिहिणार? तिथं ‘बस’ नाहीतर ‘पायी’ असतं. म्हणून डीटीपीवाला शेजारच्या रकान्यात ‘इफ’चं सूत्र टाकतो. ‘बस’ लिहिलं असेल तर हिरव्या पट्टीला ट्रू, नाहीतर फॉल्स. पिवळीला त्याच्या उलट.

गोची त्या ‘नाहीतर’मध्ये आहे. रकाना रिकामा राहिला, ‘एसटी’ लिहिलं, ‘बस’च्या पुढं नुसती एक स्पेस पडली, तरी संगणकाच्या लेखी ते ‘बस’ नाही. पोरगं पायी! शाळा सुटल्यावर पट्टीचा रंग बघून रांगा लावत असतील, तर दुसरीतलं लेकरू सरळ फाटकाबाहेर. त्यामुळं तिसरी वाट ठेवावीच लागते. ‘बस’ला हिरवी, ‘पायी’ला पिवळी, आणि दोन्ही नसेल तर ‘तपासा’ लिहिलेली लाल पट्टी. लाल आली की ते कार्ड छापायचं नाही. पुढं-मागं पडलेल्या स्पेस काढायला एक्सेलमध्ये ‘ट्रिम’ आहे, त्याला दोन मिनिटं लागतात.

रक्तगटाचं जास्त जपावं लागतं. माहिती नसेल तर ‘रक्तगट’ या शब्दासकट ती ओळ लपवायची. ‘नाहीतर ओ पॉझिटिव्ह’ असलं सूत्र चुकूनही नको. दवाखान्यात रक्त चढवण्याआधी तपासणी होतेच, पण म्हणून कार्डावर खोटं छापायचं का? यादीत इंग्रजी ‘ओ’ऐवजी शून्य टाईप झालेला असतो, तोही तपासावा लागतो.

छपाईआधी पालकांनी शाळेत जाऊन आपल्या मुलाची ओळ वाचून घ्यावी. सगळी यादी मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये, त्यात सगळ्यांचे पत्ते अन् मोबाईल नंबर असतात.