औषधाला आधार नंबर असतो का?

मध्यंतरी आमच्या आजीचा गुडघा दोन दिवसांत दुखायचा थांबला. मंचरच्या बाजारातून कुणीतरी पुडी आणून दिली होती. घरात सगळे खूश. पंधरा दिवसांनी तिची शुगर भलतीच वाढली. डॉक्टरांनी एकच विचारलं, "पुडीवर काय लिहिलंय?" काहीच नव्हतं. त्यांना संशय आला स्टेरॉइडचा. पण पुडीत नेमकं काय होतं, ते आम्हाला आजही सांगता येत नाही. म्हणून आजचा विषय: सरकार औषधाची ओळख कशी ठेवतं आणि पाकिटावर आपण काय बघायचं.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ, हिरड्याचं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. तोपर्यंत तो वनोपज. बेहडा-आवळ्यासोबत दळला की झालं त्रिफळा चूर्ण. आता हे औषध की खाद्यपदार्थ? फळ तेच असतं. कंपनी ते काय म्हणून विकते, त्यावर कायदा ठरतो.

औषध म्हणून विकलं, तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागतो. कारखान्याला राज्याचा आयुर्वेदिक परवाना हवा. डब्यावर परवाना नंबर, बॅच नंबर, घटक आणि 'आयुर्वेदिक औषध' असा उल्लेख हवा. कृती कायद्याच्या यादीतल्या ग्रंथातली आणि उपयोगही तिथलाच असेल, तर परिणामाचा वेगळा अभ्यास मागत नाहीत. ग्रंथ हाच पुरावा.

फूड सप्लिमेंट म्हणून विकलं, तर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर येतो. त्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापावं लागतं. म्हणजे "हे औषध नाही" असं पाकीट स्वतःच सांगतं! तरी आपण सांधेदुखीवर म्हणून तेच घेतो.

तिसरा प्रकार अ‍ॅलोपॅथी. देशात नवीन औषध यायचं असेल, तर दिल्लीचं सीडीएससीओ त्याच्या चाचण्यांची माहिती तपासतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या गोळ्यांवर 'आरएक्स' असतं. शेड्यूल एच१ मधल्या औषधांवर ते लाल रंगात असतं, आणि मेडिकलवाल्याला डॉक्टरांचं व पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं.

आता माझ्यातला इंजिनिअर अडतो तो मुद्दा. पाकिटावरचा परवाना नंबर सहसा कारखान्याचा असतो. एकाच नंबरखाली बरीच औषधं निघू शकतात. कॅनडात प्रत्येक मंजूर औषधाला 'डीआयएन' आणि नैसर्गिक उत्पादनाला 'एनपीएन' असा आठ आकडी नंबर मिळतो. तो सरकारी साइटवर टाकला की तेच उत्पादन समोर येतं. डेटाबेसच्या भाषेत, प्रायमरी की. आपल्याकडे असा सरसकट नंबर नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय. स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनी, बॅच, एक्सपायरी दिसायला हवी.

म्हणून लक्षात ठेवा: नंबर असला म्हणजे गुण येईलच असं नाही. कोणी बनवलं आणि सरकारने काय तपासलं, एवढंच त्यावरून कळतं. आणि नंबरच नसेल, तर बिघडल्यावर कुणाला विचारणार? वैद्य स्वतःच्या पेशंटसाठी स्वतः औषध बनवून देऊ शकतात, त्याला कारखान्याचा परवाना लागत नाही. पण मग घटक चिठ्ठीवर लिहून मागा.

आज घरी जाऊन आजी-आजोबांच्या पुड्यांचे, डब्यांचे मोबाईलवर फोटो काढा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. एक काळजी घ्या: बरेच दिवस चालू असलेली पुडी परस्पर बंद करू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. आधी डॉक्टरांना विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात!