प्रतिकृतीतील साधना आणि सचोटी

किल्ल्याच्या दरवाजातून योद्धे युद्धासाठी निघाले आहेत. पायऱ्यांवर उभी असलेली एक स्त्री अश्वारूढ, चिलखतधारी सरदाराच्या दंडाला लाल पट्टा बांधत आहे. ताटातुटीचा हा हळवा क्षण इंग्रज चित्रकार एडमंड ब्लेअर लेटन यांनी १९०० साली ‘गॉड स्पीड’ या तैलचित्रात रंगविला. मध्ययुग सरून तेव्हा चार शतके लोटली होती. प्रसंग कल्पनेतला, पण त्यातील प्रत्येक वस्तू डोळ्यांपुढे असल्यासारखी रेखाटलेली. रेशमी वस्त्र, पोलाद, दगड, घोड्याची कांती आणि मानवी त्वचा हे सारे एकाच चौकटीत सापडत असल्याने तैलरंग शिकणाऱ्याला अशा चित्राची प्रतिकृती म्हणजे एक संपूर्ण पाठशाळाच होय.

अभ्यासाचा प्रारंभ रंगाने नव्हे, मोजमापाने होतो. मूळ चित्राच्या छायाचित्रावर आणि कॅनव्हासवर समप्रमाणात चौकोन आखून एकेका चौकोनातील रेषा उतरवून घेतात. त्यानंतर केवळ करड्या छटांत छायाप्रकाश साधायचा. हा थर वाळल्यावर रंगाचे थर चढतात. येथे एक जुना नियम पाळावाच लागतो: खालचे थर कमी तेलाचे, वरचे अधिक तेलाचे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा राहिला, तर वरचा आधी आवळतो व कालांतराने भेगाळतो. म्हणून या माध्यमात घाई करणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच.

प्रतिकृती करताना खरे शिक्षण हाताचे नसून नजरेचे असते. चिलखत ‘चंदेरी’ समजून रंगविणाऱ्याच्या कॅनव्हासवर निर्जीव राखाडी पत्रा उमटतो. झिलईदार पोलाद आरशासारखे असते. भोवतीचा उजेड, दगडी भिंत आणि जवळचा लाल पट्टा यांचीच प्रतिबिंबे त्याला रूप देतात. जे ठाऊक आहे ते बाजूला सारून जे दिसते तेच रंगविणे, हा धडा शेकडो व्याख्यानांनी मिळत नाही.

साहित्य निवडताना शाकाहारी कुटुंबांनी थोडी चौकशी करावी. पारंपरिक ब्रश डुकराच्या केसांचे, कॅनव्हासला लावायचा जुना सरस जनावरांच्या कातड्याचा आणि ‘आयव्हरी ब्लॅक’ हा काळा रंग जाळलेल्या हाडांचा असतो. कृत्रिम तंतूंचे ब्रश, अ‍ॅक्रिलिक जेसोचा लेप आणि लोहाच्या ऑक्साइडपासून बनणारा ‘मार्स ब्लॅक’ हे पर्याय आज उपलब्ध आहेत.

आता प्रश्न नीतीचा. नक्कल आणि लबाडी यांतील सीमा कोणती? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने त्याचे व्यवहारी उत्तर दिले आहे. १७९३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात अनुमतीने आजही चित्रांसमोर बसून प्रतिकृती करता येते. मात्र कॅनव्हासचे माप मूळ चित्राहून एक-पंचमांशाने लहान वा मोठे असावे लागते आणि मूळ चित्रकाराची स्वाक्षरी उतरविता येत नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. लेटन १९२२ साली निवर्तले. त्यामुळे त्यांच्या चित्रांची प्रतिकृती करण्यास येथे कायद्याची आडकाठी उरलेली नाही. तथापि कायदा मोकळीक देतो, म्हणून सत्य झाकण्याची मुभा मिळत नाही.

पेढीवर मालाची प्रत जशी स्पष्ट सांगितली जाते, तशीच प्रतिकृतीच्या पाठीमागे ‘लेटन यांच्या चित्रावरून’ ही नोंद आणि करणाऱ्याचे स्वतःचे नाव असावे. तेवढ्या एका ओळीने ग्राहकाची फसवणूक टळते, मूळ कलावंताचा मान राखला जातो आणि शिकणाऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांचे श्रेयही त्याच्याच नावे जमा होते.