चूक दाखवावी, पण कशी?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचा राउंड चालू होता. सिस्टरनी केसपेपर पुढे धरून विचारले, ‘सर, ही गोळी दिवसातून दोनदा की तीनदा? अक्षर लागत नाहीये.’ प्रश्न रास्त होता. पण समोर विद्यार्थी उभे होते, बाजूला नातेवाईक. मी फटकन म्हणालो, ‘इतकी वर्षं काम करताय, वाचता येत नाही?’ सिस्टर गप्प झाल्या.

आठ-दहा दिवसांनी त्या रात्रपाळीला होत्या. मधुमेहाच्या एका आजींसाठी मी चार युनिट इन्सुलिन लिहिले होते. ‘युनिट’साठी घाईत खरडलेले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसले आणि चारचे चाळीस झाले. मध्यरात्री आजी घामाने भिजल्या, असंबद्ध बोलू लागल्या. रक्तातली साखर ३८ वर आली होती. शिरेतून ग्लुकोज दिले, रात्रभर दर तासाला साखर तपासली. सकाळी आजींनी चहा मागितला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

मी सिस्टरना बाजूला घेऊन विचारले. त्या म्हणाल्या, ‘शंका आली होती, सर. इंटर्नला दाखवलं, त्यानेही चाळीसच वाचलं. तुम्हाला फोन करणार होते, पण मागच्या वेळी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ना...’

अपुरे लिहिणे ही माझी पहिली चूक. पण दुसरी चूक अधिक मोठी होती. मला अडवू शकणाऱ्या माणसाचे तोंड मीच बंद केले होते.

कडक शब्दांनी काय होते?

‘ओरडल्याशिवाय माणूस शिकत नाही,’ असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. माझी पिढी तशीच शिकली. पण अभ्यास वेगळे सांगतात. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आजारी बाळाचा बनावट प्रसंग उभा करून सर्वांना तो हाताळायला दिला. काही पथकांना परदेशी तज्ज्ञाकडून तुच्छतेचे शेरे ऐकवले, बाकीच्यांशी तो तटस्थपणे बोलला. शेरे ऐकलेल्या पथकांचे निदानही घसरले आणि हातातले कामही. ते एकमेकांना माहिती कमी देत होते, मदतही कमी मागत होते. तज्ज्ञ त्यांना वाईट डॉक्टर किंवा वाईट नर्स असे थेट म्हणालाही नव्हता. त्यांच्या देशातल्या वैद्यकीय सेवेला त्याने नावे ठेवली होती, एवढेच.

क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये कामाबद्दलच्या अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला. मात्र एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम आणखी बिघडले होते. त्यांनी मांडलेले कारण सोपे आहे. लक्ष कामावर राहिले, तर माणूस सुधारतो. लक्ष ‘मी कसा आहे’ याकडे वळले, तर त्याची शक्ती स्वतःला सावरण्यातच जाते.

सांगताना

‘तू निष्काळजी आहेस’ यावर माणूस फक्त भांडू शकतो किंवा मान खाली घालू शकतो. त्याऐवजी असे म्हणून पाहा: ‘सात नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचा रात्री बाराचा बीपी लिहिलेला नाही. काय अडलं?’ एकदा मी असे विचारले, तेव्हा कळले की बीपीच्या यंत्राचा पट्टा फाटला होता आणि दुसरे यंत्र कुलूपबंद कपाटात होते. ओरडलो असतो, तर पट्टा फाटकाच राहिला असता.

म्हणून काय घडले ते नेमके सांगावे आणि समोरच्याची बाजू आधी ऐकावी. पुढच्या वेळी काय करायचे, हे दोघांनी मिळून ठरवावे. हे बोलणे शक्यतो एकांतात व्हावे, आणि लवकर व्हावे. सहा महिन्यांच्या तक्रारी साठवून एकदम काढू नयेत. मात्र रुग्णाला, किंवा कारखान्यात कामगाराला, त्याच क्षणी धोका असेल तर एकांताची वाट पाहायची नाही. ‘थांबा’ असे तिथेच, मोठ्याने म्हणायचे. बाकीचे बोलणे नंतर. आणि कौतुकात गुंडाळून चूक इतकी मऊ करू नये, की ती ऐकणाऱ्याला कळणारच नाही.

ऐकताना

ऐकणे मला अजूनही जड जाते. छाती धडधडते, कान तापतात, उत्तर जिभेवर तयार असते. अशा वेळी एक लांब श्वास घ्यावा आणि एवढेच विचारावे, ‘नेमकं कुठे चुकलं?’ लगेच खुलासा करू नये. टीका प्रत्येक वेळी बरोबर असेलच असे नाही. पण ती तपासून पाहायला संध्याकाळपर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो. सांगणारा कनिष्ठ असेल, तर त्याने हिंमत केलेली असते, हेही विसरू नये. आमच्याकडे वॉर्डातल्या मावशींना कधी कधी असे काही दिसते, जे राउंडला आम्हाला दिसत नाही.

त्या रात्रीनंतर मी ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहू लागलो. विद्यार्थ्यांकडूनही तसाच लिहून घेतो. सिस्टरची माफी मी दुसऱ्या दिवशी राउंडमध्ये, सगळ्यांसमोर मागितली. अपमान जिथे केला होता, तिथेच.

परवा एका इंटर्नने मला राउंडमध्ये थांबवले. ‘सर, हा डोस जास्त नाही ना?’ मी पुन्हा हिशेब केला. डोस बरोबर होता. तो ओशाळला. मी त्याला म्हणालो, ‘विचारलंस ते चांगलं केलंस. उद्याही विचार.’