हुकच्या हाताने आकाशकंदील करता येतो का?

परभणी जिल्ह्यात सोयाबीनची मळणी आणि दिवाळी पाठोपाठ येतात. मळणीयंत्रात किंवा कडबाकुट्टीत कुणाचा हात गेला, की घरचे धीर देतात, "अगदी खऱ्यासारखा हात बसवून घेऊ." पण त्याच माणसाला मुलांसाठी कंदील करायचा असेल, तर दिसायला ओबडधोबड असलेला धातूचा हुक जास्त कामाचा ठरू शकतो. कसा, ते पाहू.

हुक चालतो कसा?

त्याला चिमट्यासारखी दोन बोटं असतात. अमेरिकेत लाकूड कापण्याच्या गिरणीत स्वतःचा हात गमावलेल्या डेव्हिड डोरन्स यांनी १९१२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. यात बॅटरी नाही, मोटर नाही. पाठीवरच्या पट्ट्याला एक तार जोडलेली असते. दंड पुढे नेला की तार ताणली जाते आणि हुक उघडतो. दंड मागे घेतला की रबर त्याला मिटवतात. रबर जितके जास्त, तितकी पकड घट्ट.

कागदासाठी हुक का बरा?

हुकला स्पर्श कळत नाही, म्हणून बोटांचं काम डोळ्यांना करावं लागतं. त्याची टोकं बारीक असल्याने कागद नेमका कुठे धरलाय ते दिसतं. जाड नकली बोटांआड घडीची कड झाकली जाते.

काम कसं वाटायचं?

साधा नियम: हुकने धरायचं, हाताने करायचं.

घडी घालताना: हाताने कडा जुळवा, मग हुकची गुळगुळीत पाठ घडीवरून फिरवा. रेघ नखाने ओढल्यासारखी पक्की बसते.

कापताना: कागद हुकमध्ये, कात्री हातात. उजवा हात गेला असेल, तर डावखुऱ्यांची कात्री घ्या. नेहमीच्या कात्रीची पाती डाव्या हातात नीट कापत नाहीत.

चिकटवताना: खळ वाळेपर्यंत जोड हुकमध्येच राहू द्या. मिटलेला हुक धरून ठेवायला ताकद लागत नाही. पतंगी कागद मात्र सांभाळा. पकड जास्त घट्ट असेल तर तो चुरगळतो.

हात कुठे मिळतो?

केंद्राच्या 'एडिप' योजनेतून पात्र दिव्यांगांना कृत्रिम अवयव मिळतात. पुण्यात १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्रही आहे. माप देण्याआधी एवढं नक्की विचारा: "हा हात दिसण्यासाठी आहे, की कामासाठी?" हा प्रश्न राहून गेला, तर हात कपाटात पडून राहतो आणि कंदील विकत आणावा लागतो.